चेरी ब्रँडीची गोडी, करवंदाचा आंबटपणा

कर्जत : मे महिन्याच्या मध्यावर कर्जत आणि खालापूर तालुक्यांत दोन फळे एकाच वेळी दिसू लागतात. एक फळ ठाकर आणि कातकरी वाड्यांतील स्त्रिया पहाटे डोंगर तुडवून काटेरी जाळ्यांतून वेचतात आणि ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून पानांच्या द्रोणांतून नेरळ, कर्जतच्या परिसरात विकतात. ते करवंद. दुसरे फळ काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातून मुंबईच्या बाजारात उतरते आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांबरोबर मोटारीतून फार्महाऊसवर येऊन पोहोचते. ती चेरी. तिच्या सोबतीला अलीकडे तिच्याच नावाची एक बाटलीही असते. तांबड्या-काळसर रंगाची, गोड वासाची आणि ‘यात काही फारसे नसते’ अशी ख्याती असलेली चेरी ब्रँडी.

मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना सोयीच्या अंतरावर असलेल्या या दोन तालुक्यांत सुटीचे दिवस घालवण्याची पद्धत आता रुळली आहे. हॉटेलातील कॉकटेलच्या किमती पाहता घरच्या घरी पेला तयार करण्याची हौसही वाढली आहे. या हौसेत चेरी ब्रँडीला मान मिळतो तो तिच्या गोडीमुळे. मात्र तीच गोडी तिच्याविषयीच्या गैरसमजाचेही मूळ आहे. पेल्याची चव साधायची असेल तर या गोडीला आंबटाची जोड द्यावी लागते आणि पाहुण्यांना सुखरूप घरी पोहोचवायचे असेल तर तिला मापाची जोड द्यावी लागते. यांपैकी पहिली गोष्ट कर्जतच्या डोंगरावर आयती मिळते. दुसरी यजमानाला स्वत:च सांभाळावी लागते.

नावात ब्रँडी, बाटलीत लिक्युअर

मराठी घरांत ब्रँडी या शब्दाला थोडी प्रतिष्ठा आहे. ज्या घरात दारूचा थेंब चालत नाही, अशाही काही घरांत सर्दी-पडशावर किंवा बाळंतिणीसाठी म्हणून ब्रँडीची लहान बाटली कपाटात ठेवलेली असे. ब्रँडीने अंगात ऊब येते, ही समजूत त्यामागे होती. प्रत्यक्षात मद्यामुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे ऊब जाणवते खरी, पण शरीरातील उष्णता बाहेर जाते. ‘ब्रँडी’ म्हणजे औषध आणि ‘चेरी’ म्हणजे फळ, अशी दोन निरुपद्रवी नावे एकत्र आली की पेय सौम्य वाटणे स्वाभाविक आहे.

वास्तविक बाजारात चेरी ब्रँडी म्हणून जी बाटली मिळते, ती बहुधा खरी ब्रँडी नसते. द्राक्षाची वाइन ऊर्ध्वपातन करून जी मिळते ती ब्रँडी. चेरीचा रस आंबवून आणि ऊर्ध्वपातन करून मिळणाऱ्या रंगहीन, कोरड्या चवीच्या मद्याला जर्मन भाषक प्रदेशात ‘किर्श’ म्हणतात. बाटलीतील तांबडी, दाट चेरी ब्रँडी या दोहोंपेक्षा निराळी आहे. मद्यात चेरी मुरवून किंवा चेरीचा रस मिसळून आणि त्यात भरपूर साखर घालून ती तयार होते. अशा गोड मद्याला ‘लिक्युअर’ म्हणतात. युरोपातील नियमांप्रमाणे सर्वसाधारण लिक्युअरमध्ये लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नाव डेन्मार्कचे. कोपनहेगनमध्ये १८१८ साली व्यवसाय सुरू करणाऱ्या पीटर हेरिंग यांचे चेरी लिक्युअर आजही त्यांच्याच नावाने विकले जाते. त्यातील मद्यार्काचे प्रमाण २४ टक्के आहे. भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की, जिन, रम किंवा ब्रँडीत हे प्रमाण साधारणत: ४२.८ टक्के असते. म्हणजे चेरी ब्रँडी व्हिस्कीच्या मानाने निम्म्याहून थोडी अधिक तीव्र, तर बिअरच्या मानाने कितीतरी पट तीव्र ठरते. साखरेमुळे मद्याची जळजळ जिभेला कळत नाही, एवढाच काय तो फरक. प्रमाण निरनिराळ्या बाटल्यांत निरनिराळे असते. म्हणून बाटली उघडण्यापूर्वी वेष्टनावरील टक्केवारी वाचणे ही पहिली पायरी होय.

केकवरची ‘चेरी’ मूळची करवंदच

चेरी आणि करवंद यांचे नाते शहरी वाचकाला वाटते त्याहून जवळचे आहे. आपल्याकडे बेकरीतील केकवर, पानात किंवा आइस्क्रीमवर जी लालबुंद ‘चेरी’ दिसते, ती पुष्कळदा चेरी नसतेच. कच्ची करवंदे बिया काढून मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग त्यांना तांबडा खाद्यरंग देऊन साखरेच्या पाकात मुरवतात. स्वस्तातील ‘चेरी’ तयार होते ती अशी. ज्याने लहानपणापासून ही ‘चेरी’ खाल्ली, त्याने नकळत करवंदच खाल्ले आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्हींचा काही संबंध नाही. चेरी ही बदाम आणि पीच यांच्या कुळातील, तर करवंद कण्हेरीच्या कुळातील आहे. पण पेल्याच्या दृष्टीने करवंदाकडे असे काही आहे, जे चेरी ब्रँडीला हवे असते. पिकलेल्या करवंदात गडद रंग, आंबट-गोड चव आणि किंचित तुरटपणा हे तिन्ही गुण असतात. कॉकटेलमध्ये नुसती गोडी असेल तर दुसऱ्या घोटाला पेला नकोसा होतो. त्याला आंबट आणि तुरट चव लागतेच. म्हणूनच चेरी ब्रँडीच्या बहुतेक जुन्या कृतींत लिंबू किंवा संत्र्याचा रस आढळतो.

सिंगापूरहून आलेली कृती

चेरी ब्रँडीला जगभर नाव मिळवून दिले ते ‘सिंगापूर स्लिंग’ने. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलात काम करणाऱ्या न्याम टाँग बून या हैनान बेटावरून आलेल्या मदिरा-सेवकाने १९१५ च्या सुमारास ते तयार केले, असे हॉटेलकडून सांगितले जाते. जिन, चेरी लिक्युअर आणि लिंबू यांचे पेय त्याआधीही त्या शहरात ठाऊक होते, असेही अभ्यासकांचे म्हणणे आहे. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या कृतीत ३० मिलि जिन, १५ मिलि चेरी लिक्युअर, ७.५ मिलि क्वाँत्रो, ७.५ मिलि बेनेडिक्टिन, १२० मिलि अननसाचा रस, १५ मिलि लिंबाचा रस, १० मिलि डाळिंबाचा पाक आणि अँगोस्तुरा बिटर्सचे थेंब असतात.

दुसरे नाव ‘ब्लड अँड सँड’चे. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोच्या १९२२ मधील मूकपटावरून हे नाव पडले. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील हॅरी क्रॅडॉक यांच्या १९३० च्या पुस्तकात त्याची कृती आहे. स्कॉच व्हिस्की, चेरी ब्रँडी, गोड व्हर्मुथ आणि संत्र्याचा रस हे चारही घटक त्यात समसमान घेतात. घरी करायला हे त्यातल्या त्यात सोपे. प्रत्येकी २२.५ मिलि घेऊन बर्फासह हलवावे आणि गाळून द्यावे. मे महिन्यात नागपुरी संत्री मिळत नाहीत. त्या वेळी मोसंबीचा रस घेतल्यास पेय अतिगोड होते, म्हणून त्यात चमचाभर लिंबाचा रस घालावा.

सिंगापूर स्लिंगसाठी लागणाऱ्या पाच-सहा बाटल्या घरी जमवणे खर्चिक आहे. त्याची गरजही नाही. अननस, डाळिंब आणि बिटर्स मिळून जे काम करतात, ते म्हणजे रंग, आंबटपणा आणि किंचित कडवट-तुरट चव देणे. त्यातील बरेचसे काम करवंदाचा पाक एकटा करू शकतो.

करवंदाचा पाक

अर्धा किलो पूर्ण पिकलेली, काळी करवंदे घ्यावीत. कच्च्या फळात चीक फार असतो. तो ओठांना आणि भांड्याला चिकटतो, शिवाय चव बिघडवतो. देठ काढून फळे दोन-तीन पाण्यांतून धुवावीत. स्टीलच्या पातेल्यात ती आणि एक वाटी पाणी घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवावीत. ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे आंबट फळासाठी वापरू नये. फळे मऊ झाली की डावाने चेचून चाळणीतून गाळून घ्यावीत. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून पाच मिनिटेच उकळावे. करवंदात पेक्टिन भरपूर असते. पाक जास्त आटला तर थंड झाल्यावर त्याची जेली होते. ती पोळीबरोबर छान लागते, पेल्यात मात्र विरघळत नाही.

हा पाक स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास आठ-दहा दिवस वापरता येतो. बाटली उघडताना फसफसले किंवा आंबूस वास आला, तर पाक आंबला असे समजून तो फेकून द्यावा.

या पाकात मद्य नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एकाच पाकातून मद्याचा आणि बिनमद्याचा असे दोन्ही पेले तयार करता येतात. ज्यांना घ्यायचे नाही किंवा ज्यांनी घेऊ नये, त्यांच्या हातात बाजारी शीतपेयाची बाटली देऊन त्यांना वेगळे पाडण्याचे कारण उरत नाही.

तीन पेले

करवंदी स्लिंग : उंच पेल्यात बर्फ भरावा. ३० मिलि जिन, १५ मिलि चेरी ब्रँडी, १५ मिलि करवंदाचा पाक आणि १५ मिलि लिंबाचा रस घालून ढवळावे. वरून सुमारे १२० मिलि सोडा ओतावा. काश्मिरी चेरी असल्यास एखादी सोडावी. चेरीची बी मात्र काढून टाकावी. ती फोडून किंवा वाटून कधीही वापरू नये, कारण आतल्या गरात सायनाइड निर्माण करणारा घटक असतो.

पावसाळी पेला : करवंदांचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो. त्यानंतर कोकम हाताशी असते. सात-आठ आमसुले कोमट पाण्यात तासभर भिजवून ते पाणी गाळून घ्यावे. ३० मिलि ब्रँडी, १५ मिलि चेरी ब्रँडी आणि ६० मिलि कोकमाचे पाणी बर्फासह हलवून गाळावे. आगळ वापरू नये, कारण त्यात मीठ फार असते. कोकम सरबताचा तयार पाक घेतला तर गोडीत आणखी गोडीच पडते.

सारथ्याचा पेला : मोटार चालवणाऱ्यासाठी ३० मिलि करवंदाचा पाक, १५ मिलि लिंबाचा रस, चिमूटभर काळे मीठ आणि वर सोडा. रंगाने तो पहिल्या पेल्याहून वेगळा ओळखू येत नाही. म्हणून दोन्ही पेल्यांच्या जागा किंवा आकार वेगळे ठेवावेत.

पेय हलवण्यासाठी खास भांड्याची गरज नाही. घट्ट झाकणाची बरणी पुरते. त्यात पेय आणि बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोराने हलवावे. सोडा असलेले पेय मात्र बरणीत घालून हलवू नये. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. बाटल्या थंड करण्यासाठी आणलेली लादी फोडून पेल्यात टाकण्याची सवय घातक आहे. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ पासून राज्यात त्याला निळसर रंग देण्याचा नियम करण्यात आला आहे.

एका पेल्यात किती?

घरच्या पेल्यात हमखास चुकते ते माप. ‘अंदाजे’ ओतलेला पेग बहुतेक वेळा ३० ऐवजी ४५ किंवा ६० मिलि भरतो. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे खुणांचे टोपण किंवा स्वयंपाकघरातील १५ मिलिचा मोठा चमचा वापरला तरी ही चूक टळते.

जागतिक आरोग्य संघटना हिशेबासाठी १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क हे एक प्रमाण पेय धरते. त्या हिशेबाने ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मिलि जिनमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, तर २४ टक्के तीव्रतेच्या १५ मिलि चेरी ब्रँडीत सुमारे ३ ग्रॅम. म्हणजे वरील करवंदी स्लिंगमध्ये १३ ग्रॅम. ब्लड अँड सँडमध्ये सुमारे १५ ग्रॅम आणि सगळ्या बाटल्या वापरून केलेल्या सिंगापूर स्लिंगमध्ये १७ ते १८ ग्रॅम. सरबतासारखा लागणारा तो एक पेला प्रत्यक्षात जवळजवळ दोन पेये ठरतो.

निरोगी प्रौढ व्यक्तीचे शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क बाहेर टाकते. दोन सिंगापूर स्लिंग घेतले, तर ते पूर्णपणे उतरायला साडेतीन ते पाच तास लागतात. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी किंवा मागाहून खाल्लेले जेवण यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. मधुमेहींच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. लिक्युअरमधील साखर आधी रक्तशर्करा वाढवते, तर इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना मद्यामुळे ती पुढे धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. गर्भवतींनी मद्य पूर्ण टाळावे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

कायदा कुठे आड येतो?

राज्यात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असे त्याचे प्रकार आहेत. बिअर व वाइनसाठी किमान वय २१ वर्षे, तर चेरी ब्रँडीसह इतर तीव्र मद्यांसाठी २५ वर्षे आहे. फार्महाऊसवरील मेजवानीत महाविद्यालयीन पुतण्या-भाच्यांच्या हाती ‘गोडच तर आहे’ म्हणून पेला देणारे काका-मामा हा नियम सहसा विसरतात. गोव्यातून येताना परवान्याविना बाटल्या आणणे हाही गुन्हा आहे.

करवंदे, जांभळे किंवा चेरी घरी आंबवून वाइन करणे, अथवा ती गाळून ‘अस्सल ब्रँडी’ काढणे हे परवान्याविना बेकायदा आहे. अधिनियमातील ‘निर्मिती’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. हौस म्हणून बरण्या भरून मद्य तयार करणे आणि ते पाहुण्यांना विकणे कोणत्याच सबबीखाली बसत नाही. फळांपासून मद्य करायचेच असेल तर रीतसर परवान्याचा मार्ग आहे. पालघर जिल्ह्यात बोर्डी येथे चिकूपासून वाइन तयार होते ती याच मार्गाने.

गाळलेल्या दारूचा प्रश्न केवळ कायद्याचाही नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलयुक्त विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. मिथेनॉल चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही. म्हणून फार्महाऊसवर कोणी ‘गावची’ म्हणून बिनवेष्टनाची बाटली आणून दिली, तर ती पेल्यात मिसळू नये. चेरी ब्रँडीची गोडी अशा दारूचा उग्रपणा झाकते आणि धोका कळेनासा होतो.

परतीची वाट

कर्जत-खालापूरची सुटी रविवारी संध्याकाळी संपते आणि खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते. कर्जतहून चौकमार्गे द्रुतगती महामार्गाला लागणारे, नेरळमार्गे कल्याणकडे निघालेले आणि खोपोलीहून बोरघाट चढून पुण्याला जाणारे अशी तिन्ही दिशांची वाहने एकाच सुमारास रस्त्यावर येतात. वळणे, अवजड वाहने आणि पावसाळ्यातील धुके यांमुळे घाटातील चुकीला क्षमा नसते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुढील गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दुपारच्या जेवणाआधी घेतलेले दोन गोड पेले संध्याकाळच्या तपासणीत दिसू शकतात, हे वरील हिशेबावरून लक्षात येईल.

पाण्याचा धोकाही तितकाच मोठा आहे. खोपोलीचा झेनिथ धबधबा, कर्जत तालुक्यातील आषाणेचा धबधबा, सोलनपाडा आणि पाली-भूतिवली धरणांचा परिसर येथे पर्यटक बुडण्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे पावसाळ्यात या दोन तालुक्यांतील धबधबे आणि धरणांच्या ठिकाणी प्रशासन मनाई आदेश काढत आले आहे. पेला हाती घेतला की त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही, हा साधा नियम यजमानाने आधीच सांगून टाकावा.

सुदैवाने कर्जत आणि खोपोली ही दोन्ही ठिकाणे लोकलने मुंबईशी जोडलेली आहेत. मेजवानीला निघताना मोटार घरी ठेवणे, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघणे किंवा एका सोबत्याने सारथ्याचा पेला स्वीकारणे, यांपैकी एक निर्णय बाटली उघडण्यापूर्वी झालेला असावा. बाटली उघडल्यानंतर असे निर्णय नीट होत नाहीत.

जाता जाता आणखी एक. करवंदांची टोपली घेऊन बसलेल्या वाडीवरच्या बाईशी घासाघीस करू नये. एका द्रोणामागे तिची सकाळ आणि जाळीच्या काट्यांचे ओरखडे असतात. परदेशी नावाच्या बाटलीचे दर निमूटपणे मोजणाऱ्याने तिच्या फळाचे मोल करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. पेल्यातील गोडी विकत आणलेली असली, तरी त्याला चव येते ती तिच्या टोपलीतून.